कब्बलच्या खाणीतला धडा

महाराष्ट्रात भूविज्ञान शिकणारा विद्यार्थी बेसॉल्टवर वाढतो. पुण्याच्या टेकड्या, सह्याद्रीचे कडे, अजिंठ्याची लेणी, सगळीकडे तोच काळा पाषाण. वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. बंगळूरच्या विद्यार्थ्याला मात्र थेट तीनशे कोटी वर्षांपासून सुरुवात करावी लागते. आसपासच्या नीस आणि ग्रॅनाइट या खडकांमध्ये शंखशिंपले शोधायला जाणे व्यर्थच. तरी गंमत अशी की, तिथल्या सेंट्रल कॉलेजात वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या एल. रामराव यांनी नाव कमावले ते जीवाश्मांच्या अभ्यासात!

या शहरात वर्ग आणि फील्ड यांची सोयरीक जुनी. म्हैसूर संस्थानाने 1894 मध्ये स्वतःचे भूविज्ञान खाते काढले आणि रॉबर्ट ब्रूस फूट यांना प्रमुख नेमले. कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना खात्यात नोकरी मिळे आणि हातात हातोडा, होकायंत्र, नकाशा येई. बी. पी. राधाकृष्ण हे त्यातले ठळक नाव. 1937 मध्ये सेंट्रल कॉलेजची पदवी, त्याच वर्षी खात्यात रुजू, पुढे क्लोजपेट ग्रॅनाइटवर डॉक्टरेट. क्लोजपेट म्हणजे आजचे रामनगर. ‘शोले’तला गब्बरचा अड्डा ज्या टेकड्यांत होता, तोच हा सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट. राधाकृष्णांनी पुढे खात्याचे संचालकपदही सांभाळले. 1958 मध्ये बंगळुरात जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली, तिच्या नियतकालिकाला त्यांनी आयुष्याचा मोठा भाग दिला.

पण फील्ड कशासाठी, हे सांगायला कब्बल या खेड्याइतके चांगले उदाहरण नाही.

अध्यापन आणि सरकारी खाते, दोन्हीकडे काम केलेल्या सी. एस. पिचमुथु यांनी कब्बलच्या दगडखाणीत एक विचित्र गोष्ट पाहिली. करड्या, पट्टेदार नीसमध्ये हिरवट काळपट डाग होते, आणि ते नीसच्या पट्ट्यांना न जुमानता आडवेतिडवे पसरले होते. डाग चार्नोकाइट या दुसऱ्याच खडकाचे. म्हणजे नीसचा चार्नोकाइट होत असताना प्रक्रिया अर्ध्यावर थांबलेली. 1960 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी ते मांडले. खडकाचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की खनिजे ओळखता येतात. डाग पट्ट्यांना छेदून जातो, हे मात्र खाणीच्या भिंतीसमोर उभे राहिल्यावरच कळते. पुढे म्हैसूर विद्यापीठाचे ए. एस. जनार्दन यांनी शिकागोच्या रॉबर्ट न्यूटन आदींबरोबर काम करून 1982 मध्ये त्याचा अर्थ लावला: खोलवरून वर आलेल्या कार्बन डायऑक्साइडने खडकातले पाणी विरळ केले आणि खनिजे बदलली. तेव्हापासून जगभरचे भूवैज्ञानिक या खेड्याची वाट तुडवतात.

1964 मध्ये बंगळूर विद्यापीठ झाले आणि सेंट्रल कॉलेज त्यात गेले. विद्यार्थ्यांच्या फील्ड-सहलींच्या वाटा मात्र फारशा बदलल्या नाहीत: चित्रदुर्गजवळ मरडीहळ्ळीचा उशीच्या आकाराचा लाव्हा, नंदीचा डोंगर, कोलार. कोलारच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या. तीन किलोमीटरहून खोल गेलेली ती पाठशाळा आता विद्यार्थ्यांना बंद आहे. दगडखाणींचे दुखणे वेगळे. त्याच नवे कातळ उघडे करतात आणि त्याच ते संपवतात.

नोकरीनिमित्त बंगळुरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी लालबागेत फुलांचे प्रदर्शन पाहून परत फिरू नये. तिथल्या केम्पेगौडाच्या बुरुजाखालचा नीसचा कातळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. मुलांना तिथला फलक वाचायला लावा आणि दगडावरचे पट्टे बोटाने दाखवा.