व्याकरणाचे यंत्र आणि विद्यार्थ्याची वही

मराठी शाळांतून महाविद्यालयात गेलेल्या आमच्या मुलामुलींची लेखणी इंग्रजीत आजही अडखळते. नोकरीचा अर्ज असो वा प्रकल्पाचा अहवाल, मनातला विचार कागदावर उतरता उतरता पंगू होतो. एके काळी तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालांनी अनेक पिढ्यांना हा घाट चढविला. आता संगणकावरील व्याकरण-तपासनीस पुढे आले आहेत. २००९ साली निघालेले ‘ग्रामरली’ घ्या किंवा जर्मनीत उगम पावलेले ‘लँग्वेजटूल’ घ्या. चुकीच्या शब्दाखाली रेघ उमटते आणि बोट लावताच चूक नाहीशी होते. प्राथमिक तपासणीला पैसेही पडत नाहीत. शिकवणी न परवडणाऱ्या घरांत ही सोय पोहोचली, याचे स्वागतच केले पाहिजे.

तथापि, चूक पुसली गेली म्हणजे ती समजली असे होत नाही. आमच्या मुलांच्या पुष्कळ चुका मराठीच्या वळणातून येतात. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे नाहीत. म्हणून ‘आय बॉट बुक’ असे सहज लिहिले जाते. यंत्र तेथे ‘अ’ सुचवील. पण पुस्तकाचा उल्लेख आधी होऊन गेला असेल, तर तेथे ‘द’ हवे. लिहिणाऱ्याच्या मनातले पुस्तक कोणते, हे यंत्राला कोठून ठाऊक असणार? ‘विषयावर चर्चा’ करण्याच्या सवयीने ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येऊन बसते. यंत्र ते खोडते. कारण जाणून घेतले नाही, तर उद्या ते पुन्हा अवतरते. परीक्षेच्या दालनात आणि मुलाखतीच्या खोलीत मात्र रेघ ओढणारे कोणी नसते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, आधी स्वतः लिहावे, स्वतः वाचावे, नंतर यंत्रापुढे ठेवावे. दाखविलेली प्रत्येक चूक कारणासह वहीत उतरवावी, त्याच नियमाची तीन नवी वाक्ये रचावीत आणि सूचना पटली नाही, तर शिक्षकांना विचारावे. शिक्षकांनीही यंत्राने धुऊन काढलेला निबंध पाहण्यापेक्षा ही वही तपासावी.

इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी परकी मराठी आत्मसात करून ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. तेवढी चिकाटी आमच्या मुलांतही आहे. शाळांनी तिला वळण लावण्याचे काम यंत्रावर सोपवून मोकळे होऊ नये.