रक्तकर्करोग : रोगपेशींची ढाल भेदणारा उपचार

ल्युकेमियाच्या पेशींत अतिक्रियाशील ऑक्सिजन बहुधा अधिक प्रमाणात निर्माण होतो. त्यापासून बचावासाठी त्या थायोरेडॉक्सिन रिडक्टेजसारख्या अँटिऑक्सिडंट एन्झाइमांवर विसंबतात. ही ढाल निकामी झाल्यास पेशी आपल्याच ऑक्सिजनाने नष्ट होऊ शकतात.

सोमलापासून बनणारे आर्सेनिक ट्रायऑक्साइड हे एन्झाइम रोखते. शिवाय प्रोमायलोसायटिक ल्युकेमियातील विकृत प्रथिनही नष्ट करते. त्या आजारासाठी २००० साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. इतर प्रकारांत संशोधन सुरू आहे.

आसगाव परिसरातील रुग्णबांधवांना आमची नम्र विनंती आहे : हे औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ईसीजी तपासतच दिले जाते. सोमलयुक्त भस्मे स्वतःहून घेऊ नयेत. उपचारकाळात अँटिऑक्सिडंट गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. अन्यथा रोगपेशींच्याच हाती ढाल जाण्याचा संभव असतो.