पिवळं पान की पिवळा पडदा?

ऑगस्ट-सप्टेंबरात मंगरूळपीरच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात थोडा वेळ थांबलं, की हे दृश्य हमखास दिसतं. शेतकरी खिशातून मोबाइल काढतो, फोटो उघडतो आणि काउंटरवर पुढं सरकवतो. "भाऊ, सोयाबीन पिवळं पडून राह्यलं, काय फवारू?" दुकानदार फोटो बोटांनी मोठा करतो, मान हलवतो आणि फळीवरची बाटली खाली काढतो. फवारणीचा सगळा खर्च पडद्यावरच्या त्या एका पिवळ्या छटेवर ठरतो.

पिवळेपणाही एका जातीचा नसतो. पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग आहे आणि तो पांढरी माशी पसरवते. त्यात पानावर हिरवे-पिवळे ठिपके एकमेकांत मिसळलेले दिसतात. एकदा झाडाला लागला की औषधानं तो बरा होत नाही. रोगट झाडं उपटायची आणि माशी आवरायची, एवढंच हातात उरतं. २०२३ च्या खरिपात विदर्भातल्या सोयाबीनला याच मोझॅकनं मोठा दणका दिला होता. लोह कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात, पण शिरा हिरव्याच राहतात. चुनखडीच्या किंवा पाणी साचलेल्या जमिनीत हे जास्त दिसतं. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं फिकट होतात. तिन्हींवरचा उपाय वेगळा. म्हणून फोटोत रंग चुकला तर उपायही चुकण्याचा धोका असतो.

फोनला पिवळा रंग मुळात दिसतच नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची बारीक जाळी असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांना १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. आज बहुतेक सगळ्या फोनमध्ये तीच जाळी किंवा तिचं भावंड असतं. चार घरांत दोन हिरवी, एक लाल, एक निळं. हिरव्याला जास्त जागा, कारण आपला डोळाही उजेडाचा बारकावा हिरव्याच्या आसपास सगळ्यात चांगला टिपतो. प्रत्येक घर एकच रंग मोजतं आणि उरलेल्या दोन रंगांचा अंदाज शेजारच्या घरांवरून बांधला जातो. पिवळा म्हणजे फोनच्या हिशेबात भरपूर लाल, भरपूर हिरवा आणि थोडा निळा.

मग येतो व्हाइट बॅलन्स. ऊन दुपारी पांढरं असतं, संध्याकाळी तांबूस होतं, आणि सावलीत आभाळाचा निळसर उजेड पडतो. पांढरी वस्तू सगळीकडे पांढरीच दिसावी म्हणून फोन रंगांचं प्रमाण बदलतो. त्यासाठी चालत आलेलं एक जुनं गृहीतक असं, की चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती राखाडी येते. बाजारात, लग्नात, रस्त्यावर हे बऱ्यापैकी जमतं. चौकटभर नुसतं सोयाबीन असेल तर मात्र सरासरी हिरवीच येणार. फोनला वाटतं उजेडच हिरवा आहे, आणि तो हिरवा कमी करतो. नवे फोन दृश्य ओळखून बरंच सावरून घेतात, तरी हिरव्यागार शेतात त्यांचीही फसगत होते.

माझ्या मते याहून मोठी गडबड आपली काळी जमीन करते. कॅमेऱ्याचं स्वयंचलित एक्स्पोजर दृश्याचा उजेड मध्यम पातळीवर आणायला बघतं. झाडं लहान आणि तासांमधली काळी माती मोकळी असेल, तर चौकटीत काळंच जास्त येतं. फोन उजेड वाढवतो आणि माती राखाडी होते. पानाचं मात्र वाटोळं होतं. हिरव्याचं मोजमाप आधीच वर असतं, ते कमाल मर्यादेला, म्हणजे २५५ या आकड्याला टेकतं आणि तिथंच अडकतं. लाल मात्र चढतच राहतो. अडकलेला हिरवा आणि चढलेला लाल मिळून पिवळा होतो. झाड ठणठणीत, फोटोत ते आजारी. उपाय सोपा आहे. पडद्यावर पानावरच बोट टेकवायचं आणि शेजारी उमटणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढायची. चौकटीच्या कोपऱ्यात, पान आहे त्याच उजेडात, पांढरा कागद धरला तर आणखी बरं. सातबाऱ्याच्या झेरॉक्सची कोरी बाजू चालते. फोटोत कागदच पिवळट आला असेल, तर पानाच्या पिवळेपणावर विश्वास ठेवायचा नाही.

इथवर कॅमेऱ्याचं झालं. पडद्याचे घोटाळे वेगळेच. फोटो दुपारी काढलेला असतो, पण बघितला जातो संध्याकाळी सातला, आणि तोवर फोननं स्वतःहून नाइट लाइट किंवा आय कम्फर्ट चालू केलेलं असतं. ते निळा रंग दाबतं, म्हणजे सगळंच पिवळं करतं. पोरानं कधीतरी ही सोय चालू केलेली असते आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. उलट व्हिव्हिड नावाच्या रंगपद्धतीत हिरवा इतका गडद होतो, की पिवळेपणाची सुरुवात झाकली जाते. पिकाचे फोटो बघताना नॅचरल किंवा स्टँडर्ड पद्धतच बरी. ओएलईडी पडद्यात निळे कण बाकीच्यांपेक्षा लवकर थकतात, त्यामुळे खूप वापरलेला पडदा पिवळसर होऊ शकतो.

पडदा बिघडलाय की फोटोच तसा आहे, हे कळायला पैसा लागत नाही. स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाठवायचा. नाइट लाइटचा पिवळेपणा किंवा पॅनेलवरचा डाग स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. तिथं रंग ठीक दिसला तर दोष आपल्या पडद्याचा किंवा त्याच्या सेटिंगचा.

उन्हात पडदा दिसतच नाही, ही तक्रार तर शेतात रोजची. भर दुपारी जमिनीवर जवळपास एक लाख लक्स उजेड पडतो. त्या उन्हात उभ्या माणसाच्या पांढऱ्या सदऱ्याची तेजस्विता पंचवीस हजार निटच्या घरात जाते. फोनची काच त्यातला साधारण ४ टक्के परत फेकते, म्हणजे हजारएक निट. साध्या फोनचा पडदा ५०० निटच्या आसपास. म्हणजे पडद्यावर फोटोपेक्षा आपला सदराच जास्त झळकतो! सूर्याकडे पाठ केली तर सदऱ्याची पुढची बाजू आणि फोन दोन्ही सावलीत येतात. ऊन अगदी डोक्यावर असेल तर काळी छत्री.

ब्राइटनेसची पट्टी शेवटपर्यंत ओढूनही पडदा मंदच वाटतो, त्याचं एक कारण सहसा सुचत नाही. अनेक फोन उन्हातला जादा उजेड फक्त ऑटो ब्राइटनेस चालू असतानाच देतात. आणि ऑटो चालू असूनही फोन अंधार समजत असेल, तर वरच्या कडेचा उजेड मोजणारा सेन्सर तपासावा. टेम्पर्ड ग्लासच्या काळ्या किनारीखाली किंवा धुळीखाली तो झाकला गेलेला असतो. फोन तापला तरी तो स्वतःला वाचवायला उजेड कमी करतो. अनेक फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि वाशिम जिल्ह्याचा मे महिना त्याच्या कितीतरी पुढं जातो. तेव्हा सेटिंग चाळण्यापेक्षा फोन सावलीत ठेवावा. फ्रीजमध्ये मात्र नको, आत पाणी धरतं.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना आणखी एक कात्री लागते. फोटो लहान करताना जेपीईजी पद्धतीत उजेडाचा बारकावा बराचसा टिकवतात आणि रंगाचा बारकावा बहुधा एक चतुर्थांशावर आणतात. चेहऱ्याच्या फोटोत हे कळतही नाही. मोझॅकची ओळख मात्र बारीक रंगीत ठिपक्यांतच असते आणि नेमके तेच पुसट होतात. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातल्या किंवा करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना फोटो पाठवायचा तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाचा फोटो सरकारदरबारी नोंदीचा भाग बनला. तिथं पीक ओळखू आलं की भागतं. रोग ओळखायला पान उलटावं लागतं, कारण पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला बसते आणि जेमतेम एक-दीड मिलिमीटरची असते. तिचा फोटो घ्यायला लोक फोन पानाला चिकटवतात आणि सगळं धूसर येतं. बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला दहा सेंटिमीटरच्या आत फोकसच होत नाही. आधी लेन्स मऊ सुती कापडानं पुसावी, कारण बोटाच्या तेलकट डागानं उन्हातला फोटो पांढुरका होतो. मग वीतभर अंतरावरून दुप्पट झूम करून फोटो घ्यावा. स्वस्त फोनवर मॅक्रो म्हणून मिरवणारा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा या कामाला शक्यतो वापरू नये, मुख्य कॅमेऱ्याचा कापून घेतलेला फोटोही त्याच्यापेक्षा सरस निघतो.