दोष मुडद्यांचा, नफा जिवंतांचा

‘झोंबी’ म्हटले की मराठीच्या प्राध्यापकांना आनंद यादवांचे १९८७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आठवते. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र पडद्यावर झोकांड्या खात येणारी प्रेते आठवतात. भयपट हा गंभीर चर्चेचा विषय नव्हे, असे पुष्कळांचे मत असेल. परंतु अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाला या चित्रपटांत एक ओळखीचा प्रश्न भेटतो: हानी कोणाची झाली आणि लाभ कोणाच्या पदरात पडला?

झोंबीची कल्पना मूळची हैतीची. तेथील फ्रेंच वसाहतीत आफ्रिकेतून आणलेले गुलाम उसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबविले जात. मेल्यावरही कोणी मांत्रिक आपले प्रेत उठवून पुन्हा कामास जुंपील, ही धास्ती त्या लोककल्पनेत आहे. म्हणजे भय झोंबीचे नव्हते, झोंबी होण्याचे होते. १९३२ सालच्या ‘व्हाइट झोंबी’ या चित्रपटात साखरेच्या कारखान्यात अशी प्रेते मुकाट्याने चरक फिरवितात. त्यांतील एक जण यंत्रात कोसळतो, तरी चरक थांबत नाही. मजुरी नाही, तक्रार नाही, संघटना नाही. यातला राक्षस कोण, हे निराळे सांगावयास नको.

पुढे अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या १९६८ सालच्या चित्रपटातील कृष्णवर्णीय नायक रात्रभर प्रेतांशी झुंजून जगतो आणि सकाळी बंदूकधारी ‘रक्षकां’च्या गोळीने मरतो. १९८५ सालच्या ‘डे ऑफ द डेड’मध्ये बब नावाचा झोंबी आपल्या शिक्षकाचे प्रेत पाहून व्याकूळ होतो, माणुसकी सोडलेली असते ती लष्करी कप्तानाने.

आपल्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. ‘वेताळपंचविशी’ आठवावी. प्रेतात शिरलेला वेताळ पुन्हा पुन्हा राजाची परीक्षा पाहतो. पण राजाचा बळी देऊ पाहणारा असतो तो जिवंत साधू. राजाला सावध करतो तो वेताळच.

२०२२ साली प्रदर्शित झालेल्या आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटाने ही परंपरा डोंबिवलीत आणली. एका बाजूस टोलेजंग इमारत, दुसऱ्या बाजूस पाण्यासाठी वणवण करणारी वस्ती. विनोदाचा भाग सोडला तरी एक गोष्ट उरते: साथीचा माग काढीत गेले की तो पाण्यापाशी आणि पाण्याच्या धंद्यापाशी येऊन पोहोचतो. जे अंगावर धावून येतात, ते त्या धंद्याचे पहिले बळी असतात.

येथे मला आपल्याच जिल्ह्याची आठवण होते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयांत दाखल करावे लागले. त्या वेळी पारावर आणि कचेऱ्यांत पहिली चर्चा कशाची झाली? मजुराने हातमोजे घातले नव्हते, तोंडाला फडके बांधले नव्हते, याची. औषध कोणी विकले, कशात काय मिसळावे हे कोणी सांगितले, विक्रीवर देखरेख कोणाची होती, हे प्रश्न मागाहून आले. वस्तुतः पाठीवर पंप घेणारा बहुधा रोजंदारीचा मजूर असतो. औषधाची निवड त्याची नसते, पिकाचा नफाही त्याचा नसतो. जोखीम तेवढी त्याच्या वाट्याला येते. अर्थशास्त्रात यास व्यवहाराबाहेर ढकललेला खर्च म्हणतात. पडद्यावर त्याला झोंबी म्हणतात.

अर्थात या चित्रपटांतील एक सोय आपण ओळखून असावे. सगळे पाप एका खलनायकाच्या माथी मारले, शेवटी त्याचा फडशा पाडला, की प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो. प्रत्यक्षात लाभ असा एकाच्या घरी साठत नाही. तो दुकानदारापासून स्वस्त कापड घेणाऱ्या ग्राहकापर्यंत झिरपत जातो. पगारदार मंडळींची जागा त्या टोलेजंग इमारतीत आहे, हे मान्य करावयास हवे. मीही त्यांतलाच. २०१७ साली मीसुद्धा हातमोज्यांचीच गोष्ट प्रथम बोललो होतो.

राक्षसाविषयी कणव चित्रपटगृहात तिकिटाच्या दरात मिळते. बाहेर तिची किंमत अधिक पडते. पुढच्या एखाद्या खरिपात अशी बातमी आली, तर मजुराने मोजे का घातले नाहीत हे विचारण्यापूर्वी, मोजे पुरविणे कोणाचे काम होते, एवढे जरी आपण विचारले, तरी पुष्कळ झाले.