मूळ संख्या संपत नाहीत
ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’ अशी बातमी आली. त्यावरून मूळ संख्यांची यादी तिथे संपली, असा समज सहज होतो. तसे नाही.

मूळ संख्या (केवळ १ ने आणि स्वतःनेच निःशेष भाग जाणारी, १ पेक्षा मोठी पूर्ण संख्या) समजून घ्यायला चिंचोके पुरतात. बारा चिंचोक्यांच्या चार-चारच्या तीन ओळी लागतात. तेरांच्या ओळी लावू लागलो, की एखादा तरी उरतो. सगळे बसतात ते एकाच लांब रांगेत.

अशा संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास दाखवले. हव्या तितक्या मूळ संख्या घ्या, त्यांच्या गुणाकारात १ मिळवा. त्यांपैकी कशानेही भागले तरी बाकी १ उरते. म्हणजे यादीबाहेर आणखी एखादी असतेच. इतकी लहान आणि इतकी सुंदर सिद्धता क्वचितच आढळते.

बातमीतली संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. घातांक मूळ असला की उत्तरही मूळच येते, असे मात्र नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २३ गुणिले ८९ सुद्धा २०४७ च. म्हणून प्रत्येक संख्या तपासावीच लागते.

बातमीत ‘आजवर सापडलेली सर्वांत मोठी’ असे लिहायला हवे होते.