देव्हारा घरचा, कचेरी सगळ्यांची!

सरकारी कचेरीत सत्यनारायण असला की शिऱ्याचा प्रसाद सगळ्यांना मिळतो, दाखला मात्र ‘उद्या या’! पेन्शनच्या कागदांसाठी आलेल्या विधवा बायांबरोबर अशा दिवशी मीही ताटकळले आहे. मजुरी बुडवून आलेल्या बाईनं दोष कुणाला द्यायचा? देवाला?

जानेवारी २०१७ मध्ये शाळा-कचेऱ्यांत देवांच्या तसबिरी, धार्मिक कार्यक्रम नकोत, असं परिपत्रक राज्य सरकारनं काढलं. शिवसेनेनं विरोध केला आणि ते मागे घेतलं गेलं. पण मैत्रिणींनो, प्रश्न देवाचा नाहीच, जागेचा आहे. घटनेचं २५ वं कलम प्रत्येकाला आपला धर्म पाळू देतं. २७ वं म्हणतं, एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कुणावर कराची सक्ती नको. आणि कचेरी तर सगळ्यांच्या करावर चालते.

अमेरिकेतही हाच वाद झाला. पिट्सबर्गच्या न्यायालयाच्या जिन्यावर मांडलेला नाताळचा गोठा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये घटनाबाह्य ठरवला.

आपल्या वसईत गणपतीची आरास बघायला ख्रिस्ती शेजारणी येतात, नाताळात त्यांच्या अंगणातला गोठा बघायला आपली मुलं धावतात. सण असा घरा-अंगणात फुलतो. कचेरीच्या खिडकीपुढे मात्र कुठल्याच बाईला आपला धर्म आठवायची पाळी येऊ नये.

पूजा सुटीच्या दिवशी घरी घाला, कामाच्या दिवशी खिडकी उघडी ठेवा. तेवढ्यानं देव काही रागावणार नाही!