संरक्षक पेशींचे मस्टर

गिरणीतील बदली कामगारांची नावे मस्टरवर चढविण्यात माझी वर्षे गेली. म्हणून ही हकीकत मला चटकन उमगली. टी-पेशी परक्या जंतूला ओळखते ती आपल्या अंगावरील ग्राहकाने. त्याचे जनुक जन्मतः अखंड नसते. व्ही, डी, जे असे सुटे तुकडे पेशीत जुळून ते बनते. प्रतिपिंडांतील ही जुळणी उलगडल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल मिळाले. पण सुटा तुकडा म्हणजे जनुक काय? १९८९ साली न्यू हेवनच्या परिषदेत त्यांना तो दर्जा लाभला, आणि त्याच वर्षी मारी-पोल लफ्रांक बाईंनी फ्रान्समध्ये माँपेलिये येथे आयएमजीटी ही नोंदवही उघडली. माणूस, उंदीर, मासे, सारे तीत आहेत, आणि जागांचे क्रमांक सर्वांना एकच : २३ व १०४ या जागी बहुधा सिस्टीनच! हा खटाटोप कशाला? स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब हे उंदराच्या प्रतिपिंडावरून ‘माणसाळविलेले’ औषध. अशा औषधात उंदराचा अंश जास्त राहिला, तर रोग्याचे शरीर औषधावरच उलटू शकते.